‘डीटूर’ (१९४५) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडगर जी. उल्मरचा हा ६८ मिनिटांचा कृष्णधवल गुन्हेपट कुणालाही दाखवला की नंतर तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. शेवटासकट सगळं उघड केलं आहे, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून या. सव्वा तासही लागणार नाही.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

आल रॉबर्ट्स न्यूयॉर्कच्या एका क्लबात पियानो वाजवतो. त्याची प्रेयसी स्यू तिथेच गाते. नशीब आजमावायला ती हॉलिवूडला जाते आणि काही दिवसांनी आलही तिच्यामागे निघतो. खिशात पैसे नाहीत, म्हणून वाटेत अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीत बसत. ॲरिझोनात हॅस्केल नावाचा एक माणूस त्याला गाडीत घेतो. रात्री पावसात आल गाडी चालवत असतो आणि शेजारी झोपलेला हॅस्केल उठत नाही. आल दार उघडतो, हॅस्केल बाहेर कोसळतो, डोकं दगडावर आपटतं. पोलिसांना हे पटणार नाही असं स्वतःच ठरवून आल प्रेत झुडपात लपवतो आणि हॅस्केलचे कपडे, पाकीट, नाव आणि गाडी घेऊन पुढे जातो. दुसऱ्या दिवशी तो व्हेरा नावाच्या मुलीला गाडीत घेतो. ही नेमकी हॅस्केलच्या गाडीतून आधी प्रवास केलेली निघते. तिथून पुढे तिच्या मुठीत त्याची मान.

हे सगळं आल एका रस्त्याकडेच्या खाणावळीत बसून आठवतो. ज्यूकबॉक्सवर एक गाणं लागतं, तो भडकतो आणि मनातल्या मनात आपली कर्मकहाणी सांगायला लागतो. ‘मनातल्या मनात’ हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

नावाचा अर्थ काय?

रस्ता बंद असला की गाड्या दुसरीकडून वळवतात, तो वळसा. आलच्या मते त्याचं अख्खं आयुष्य दुसऱ्याच कुणीतरी असं वळवलं.

हा खरंच सहा दिवसांत काढला होता का?

नाही. ही दंतकथा मात्र इतकी गोड आहे की मरता मरत नाही.

ती पसरवण्यात खुद्द उल्मरचाच हात होता. १९७० साली दिग्दर्शक पीटर बोग्दानोविचला दिलेल्या मुलाखतीत, या काळातले आपले चित्रपट सहा-सहा दिवसांत उरकल्याचं त्याने सांगितलं. समीक्षकांना ते आवडलं, कारण त्यामुळे ‘डीटूर’ चमत्कार ठरतो. चित्रपटाच्या कागदपत्रांत मात्र जून १९४५ मधले चित्रीकरणाचे १४ दिवस दिसतात. व्हेराचं काम करणारी ॲन सॅव्हेज तर त्याहूनही जास्त दिवस सांगायची. चौदा दिवसही फार नव्हेत, पण सहा आणि चौदा यांत फरक आहे. सहा दिवसांत माणूस फक्त उरकतो. चौदा दिवसांत तो थोडा विचारही करू शकतो, आणि ‘डीटूर’मध्ये तो विचार दिसतो.

मग खर्च तरी वीस हजार डॉलर होता का?

तेही नाही. नोआ आयझेनबर्ग या अभ्यासकाने कागद उकरून काढले, तेव्हा खरा आकडा लाख डॉलरच्या आसपासचा निघाला. मोठ्या स्टुडिओंच्या हिशेबात लाख म्हणजे चिल्लरच. तरीही वीस हजारांचे एक लाख होतात तेव्हा ‘फाटक्या खिशाचा चमत्कार’ या गोष्टीला ठिगळ लावावं लागतं.

गंमत अशी की हा चित्रपट स्वतःची बाजू सोयीने सांगणाऱ्या माणसाबद्दल आहे, आणि त्याच्या निर्मितीची गोष्टही आपल्याला तशाच एका माणसाकडून मिळाली.

‘बी-पिक्चर’ म्हणजे नेमकं काय? वाईट चित्रपट?

नाही. आज ‘बी-ग्रेड’ म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, त्याच्याशी याचा संबंध नाही. त्या काळी अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती. वरचा मोठ्या नटांचा, मोठ्या स्टुडिओचा. त्याला गल्ल्यातला वाटा मिळे. जोडीचा दुसरा चित्रपट थिएटरवाले ठरावीक भाड्याने घेत. म्हणजे तो कितीही चालला तरी बनवणाऱ्याला मिळायचं ते ठरलेलंच. मग नफा कुठून काढायचा? खर्च कापून. सेट कमी, दिवस कमी, नट स्वस्त, फिल्म मोजून.

अशा छोट्या कंपन्यांच्या घोळक्याला हॉलिवूडमध्ये ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत, म्हणजे गरिबांची आळी. ‘डीटूर’ बनवणारी प्रोड्यूसर्स रिलीझिंग कॉर्पोरेशन, अर्थात पीआरसी, ही त्या आळीतलीही अगदी शेवटच्या घरातली.

उल्मर तिथे कसा पोहोचला?

जन्म १९०४, मोराव्हियातल्या ओलोमोत्सचा. तेव्हा तो भाग ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. बर्लिनमध्ये १९३० साली ‘पीपल ऑन संडे’ बनवणाऱ्या तरुण टोळक्यात तो होता, आणि त्या टोळक्यातली बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक ही मंडळी पुढे हॉलिवूडमध्ये मोठी झाली. उल्मरनेही सुरुवात झोकात केली. १९३४ साली युनिव्हर्सल स्टुडिओसाठी त्याने बोरिस कार्लोफ आणि बेला लुगोसी या दोघांना घेऊन ‘द ब्लॅक कॅट’ केला आणि तो चांगला चालला.

मग तो प्रेमात पडला. ती स्टुडिओचा मालक कार्ल लेमले याच्या भाच्याची बायको होती. तिने घटस्फोट घेऊन उल्मरशी लग्न केलं आणि मोठ्या स्टुडिओंची दारं त्याला बंद झाली. शर्ली उल्मर पुढे जन्मभर त्याच्या चित्रपटांवर राबली. मधल्या वर्षांत त्याने न्यूयॉर्कच्या बाजूला यिद्दिश आणि युक्रेनियन भाषेतले चित्रपट केले, आणि चाळिशीच्या दशकात तो पीआरसीत आला. तिथे पैसे नव्हते, पण फारसं कुणी डोक्यावर बसतही नव्हतं.

तरुणपणी आपण अमुक अभिजात जर्मन चित्रपटावर काम केलं, तमुक दिग्दर्शकाचा उजवा हात होतो, असं तो बरंच सांगे. त्यातलं सगळंच अभ्यासकांना पटत नाही. सहा दिवसांची गोष्ट सांगणारा हाच माणूस, हे विसरू नका.

न्यूयॉर्कच्या दृश्यात इतकं धुकं का?

कारण न्यूयॉर्क नव्हतं. क्लब बंद झाल्यावर आल आणि स्यू रात्री घरी चालत जातात, ते दृश्य म्हणजे स्टुडिओत सोडलेलं धुकं, एखादा दिव्याचा खांब आणि मधून मधून रस्त्याच्या नावाची पाटी. रस्ता बांधायला पैसे नसले की धुकं सोडावं, हा त्या आळीतला जुना तोडगा.

पण त्या धुक्यात ते बोलतात काय, ते ऐका. आलला आत्ता लग्न हवंय. स्यू म्हणते, आधी मला हॉलिवूडला जाऊन पाहू दे. आल गप्प होतो, फुरंगटतो. आणि निवेदनात मात्र आपलं प्रेम किती निखळ होतं हे तो सांगत राहतो. तिथे खराखुरा, झगमगता रस्ता असता तर आपण दुकानं बघत बसलो असतो. इथे बघायला दोन चेहरेच आहेत, म्हणून तिचा निर्णय आधीच झालेला आहे हे दिसतं. आलला ते तेव्हाही दिसत नाही आणि नंतर सांगतानाही नाही.

काही दृश्यांत गाड्या रस्त्याच्या चुकीच्या बाजूने कशा जातात?

ही चूक डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशातल्या प्रेक्षकाला बहुधा खटकतच नाही. सांगितल्यावर तो परत मागे जाऊन बघतो. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. आल लिफ्ट मागत पश्चिमेला निघतो, त्या काही शॉट्समध्ये हे नेमकं उलटं दिसतं. कारण तिथे निगेटिव्हच उलटवून छापलेली आहे.

हे मुद्दाम केलेलं आहे. नकाशात पश्चिम डावीकडे असते, म्हणून न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला जाणारा माणूस पडद्यावर उजवीकडून डावीकडे जाताना दिसला पाहिजे. काढलेले शॉट उलट्या दिशेचे होते आणि पुन्हा काढायचे तर पैसे जातात. मग आरशासारखी पट्टी फिरवली. स्टिअरिंग कुठे गेलं याची पर्वा कोण करतो! पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, ज्या माणसाच्या सांगण्यात सगळंच सोयीने फिरवलेलं आहे, त्याच्या आठवणीत रस्ताही उलटा असावा हे शोभतंच. उल्मरच्या मनात असं काही होतं असा माझा दावा नाही.

आल खोटं बोलतोय का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि चित्रपट परत परत पाहावासा वाटतो तोही याच्यामुळे.

हिशेब मांडून बघा. दोन माणसं मरतात. दोन्ही वेळा जवळ फक्त आल असतो, दोन्ही वेळा मृत्यू अपघाती असतो, आणि पहिल्या मृत्यूनंतर गाडी, कपडे आणि पैसे आलकडे येतात. हॅस्केलच्या बाबतीत तो म्हणतो की मी फक्त दार उघडलं. हॅस्केल वाटेत कसल्याशा गोळ्या घेत असतो, म्हणजे तो आधीच मेला होता असंही मानता येतं. आलला आपण तसं मानलेलं हवंच आहे. मग तो हॅस्केलच्या सामानातलं एक पत्र वाचतो आणि हा प्राणी स्वतःच्या बापालाही फसवायला निघाला होता असं आपल्याला आवर्जून सांगतो. का? मेलेला भामटा निघाला की त्याच्या खिशात हात घालणं तितकंसं वाईट वाटत नाही, म्हणून.

कपडे बदलायची जागा जरा नीट पाहा. पोलीस विश्वास ठेवणार नाहीत, हे एकवेळ मान्य. पण मग पळून जा ना बाबा, पायी जा. त्याचा सूट कशाला? आलकडे याचं उत्तर तयार असतं: महागड्या गाडीत फाटक्या कपड्यांचा माणूस दिसला तर संशय येईल. तर्क बिनचूक आहे. आलचा प्रत्येक तर्क असाच बिनचूक असतो, आणि प्रत्येक वेळी तो त्याला हवी असलेली वस्तू त्याच्या हातात आणून ठेवतो.

दुसरी बाजूही आहे. आपण पडद्यावर जे पाहतो ते सगळं आलच्या आठवणीतलं आहे, तेव्हा ‘खरं काय घडलं’ ते पाहायला चित्रपटात जागाच नाही. त्याने थंड डोक्याने खून केले असं म्हणायलाही पुरावा नाही. शिवाय तो हे कुणाला ऐकवतही नाही. खाणावळीत बसून स्वतःलाच सांगतो. मला विचाराल तर तो खोटारडा नाही. इतक्या वेळा स्वतःपुढे साक्ष देऊन झाल्यावर त्याला स्वतःचीच साक्ष पटलेली आहे. नामानिराळं राहायची सवय जडलेला माणूस आहे हा. नशिबाने मला गाठलं, असं तो वारंवार म्हणतो. पण गाडी थांबवून व्हेराला आत घेतलं ते नशिबाने नव्हे.

खाणावळीतल्या दृश्यात त्याच्या डोळ्यांवरच उजेड का पडतो?

भूतकाळात शिरण्याची ती खूण. खाणावळ अंधारते, आलच्या डोळ्यांवर प्रकाशाची पट्टी उरते, कॅमेरा त्याच्याजवळ सरकतो. समोरचा कॉफीचा कप पडद्यावर अवाढव्य दिसतो, फिरणारी रेकॉर्ड दिसते आणि आपण न्यूयॉर्कच्या क्लबात पोहोचतो. एक दिवा, एक कप, एक तबकडी. कॅमेरामन बेंजामिन क्लाइन. महागड्या चित्रपटांतही फ्लॅशबॅकची इतकी नेटकी सुरुवात क्वचित दिसते.

व्हेरा एवढी का गाजली?

कारण तोवर पडद्यावरच्या ‘घातकी बायका’ रेशमी असत. आधी मोहात पाडत, मग मारत. व्हेराला मोहात पाडायला सवडच नाही. ती गाडीत बसते, जरा डुलकी घेते, एकदम डोळे उघडून आलकडे वळते आणि विचारते: त्या माणसाचं प्रेत कुठे टाकलंस? त्या वळण्यासाठी मी हा चित्रपट कितीही वेळा लावायला तयार आहे. मानेला असा झटका, की आलबरोबर आपणही सीटवर मागे सरकतो.

ॲन सॅव्हेज तेव्हा चोविशीची होती. आलचं काम करणाऱ्या टॉम नीलबरोबर तिने कोलंबिया स्टुडिओच्या छोट्या चित्रपटांत आधी काम केलं होतं. इथे तिचे केस तेलकट आणि धुळकट, आवाज करवतीसारखा. ती चित्रपट निम्मा होत आल्यावर येते आणि आल्या क्षणापासून तो तिचा होतो. ती खोकते, आपले फार दिवस उरले नाहीत याची तिला कल्पना आहे, आणि दारू चढली की आलने आपल्याकडे जरा मायेने बघावं असंही तिला वाटतं. तो बघत नाही. या सगळ्यात मला कणव आलीच तर ती तिची येते, निवेदकाची नव्हे.

टेलिफोनच्या वायरने माणूस असा मरेल का?

दाराच्या फटीखालून ओढलेल्या वायरने, पलीकडचं काही न दिसता, इतका चपखल गळफास बसणं अवघडच. लॉस एंजलिसच्या भाड्याच्या घरात दोघांचं भांडण होतं, दारू प्यायलेली व्हेरा पोलिसांना फोन करायची धमकी देत फोनसकट आतल्या खोलीत जाऊन कडी लावते. पलंगावर पडते तेव्हा वायर तिच्या गळ्याभोवती असते. बाहेरून आल वायर ओढतो, जीव खाऊन ओढतो. म्हणतो, मला फोन तोडायचा होता. दार फोडून आत जातो तेव्हा ती मेलेली असते.

पटलं नाही? पटू नयेच. आधीचा मृत्यूही असाच होता.

त्यानंतरचा शॉट मात्र थांबून बघा. कॅमेरा खोलीतल्या एकेका वस्तूकडे वळतो आणि प्रत्येक वेळी चित्र आधी धूसर असतं, मग स्पष्ट होतं. प्रेताच्या खोलीत उभ्या माणसाची नजर कशी भरकटते, हे फक्त भिंगाची कडी फिरवून दाखवलंय. खर्च शून्य.

शेवटी त्याला खरंच अटक होते का?

तेव्हा हॉलिवूडला नीतिसंहिता लागू होती. गुन्हा दाखवला तर शिक्षाही दाखवायची, नाहीतर प्रमाणपत्र नाही. त्यामुळे आल मोकळा सुटणं शक्यच नव्हतं. शेवटी तो रात्री रस्त्याने चालत असतो, पोलिसांची गाडी येते आणि तो आत बसतो. पण त्यावरचं निवेदन नीट ऐका: एक दिवस अशी एक गाडी थांबेल, जिला मी अंगठा दाखवलेला नसेल. म्हणजे घडतंय ते आत्ता की त्याच्या कल्पनेत? सेन्सॉरला अटक मिळाली, प्रेक्षकाला शंका मिळाली.

कादंबरीत काय वेगळं आहे?

मार्टिन गोल्डस्मिथची मूळ कादंबरी १९३९ ची आणि पटकथाही त्याचीच. कादंबरीत नायक व्हायोलिन वाजवतो, त्याचं नाव अलेक्झांडर रॉथ. मोठा फरक असा की तिथे स्यूही आपली बाजू स्वतः सांगते. प्रकरणं दोघांत वाटलेली आहेत. चित्रपटात तिची अख्खी बाजू काढून टाकली. लांबी आणि पैसा वाचला, आणि साक्षीदार एकच उरला.

टॉम नीलने खऱ्या आयुष्यातही खून केला होता म्हणतात, ते खरं?

दुर्दैवाने प्रकरण खरं आहे, पण न्यायालयाने त्याला खून म्हटलं नाही. १९५१ साली अभिनेत्री बार्बरा पेटनवरून त्याने नट फ्रँचॉट टोनला इतकं बेदम मारलं की टोनला रुग्णालयात ठेवावं लागलं. नीलची हॉलिवूडमधली कारकीर्द तिथेच जवळजवळ संपली. १९६५ साली त्याची पत्नी गोळी लागून गेली. झटापटीत बंदूक उडाली, असं त्याचं म्हणणं. सदोष मनुष्यवधासाठी तो सुमारे सहा वर्षं तुरुंगात होता. १९७२ मध्ये तो वारला, आणि त्याच वर्षी उल्मरही.

लोक हे प्रकरण चित्रपटाला जोडून रंगवतात. मला ते आवडत नाही. एका बाईचा जीव गेला, ती कुठल्या पटकथेतली नव्हती.

कोणती प्रत पाहावी?

२०१८ साली अकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशनने दुरुस्त केलेली. स्वामित्वहक्काचं नूतनीकरण न झाल्याने चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला, त्यामुळे कुणीही कशीही प्रत काढून विकली. मी पहिल्यांदा पाहिलेली प्रत अशी होती की धुकं कुठलं आणि फिल्मवरची घाण कुठली हे कळत नव्हतं. दुरुस्तीसाठी बेल्जियमच्या सिनेमाथेकमधल्या, म्हणजे चित्रपट-संग्रहालयातल्या प्रिंटचा मोठा आधार मिळाला. तिच्यावर फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षकं छापलेली होती, ती संगणकावर पुसावी लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘डीटूर’ १९९२ मध्येच गेला होता, तरी धड प्रत यायला आणखी सव्वीस वर्षं लागली.

स्यूचं पुढे काय होतं?

चित्रपट सांगत नाही. आल तिला भेटायला देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येतो, तिच्याच शहरात व्हेराबरोबर भाड्याच्या घरात राहतो, आणि एकदा फोनही लावतो. तिकडून स्यूचा आवाज येतो. एक शब्दही न बोलता तो रिसीव्हर खाली ठेवतो.